धाकलूनं पाहिलेली रंगीत कुंडं

एका गावात धाकलू नावाचा एक भोळा नवरा होता. "दूध उतू जातंय का बघा," असं सांगून बायको सगुणा पाण्याला गेली, तर यानं बघितलं. शेवटचा थेंब चुलीत जाईपर्यंत बघितलं. सगुणा रुसून माहेरी निघून गेली.

आई म्हणाली, "अरे, तिच्यावाचून घर खायला उठतंय. जा, माझ्या सुनेला घेऊन ये."

धाकलूलाही करमत नव्हतंच. तडक सासरी गेला. सासरे म्हणाले, "जावईबापू, दोन दिवस शहाण्यासारखं वागून दाखवा. मग पोरगी पाठवतो."

सासरच्या गावाला लागूनच राष्ट्रीय उद्यान होतं. त्यात गरम पाण्याची कुंडं. एक हिरवं, एक पिवळं, एक तांबडं. चौथं कुंड अधूनमधून फुसफुसायचं आणि उकळतं पाणी माडाएवढं उडवायचं. सासऱ्यांनी जावयाला ती बघायला नेलं. चौथं फुसफुसलं, तसा धाकलू वाकून आत बघायला लागला. सासऱ्यांनी त्याला खसकन मागं ओढलं.

"अहो, फुसफुस ऐकू आली की पळायचं! आणि ओरडून सगळ्यांना सावध करायचं!"

"बरं, मामंजी."

दुपारी जेवून सासरे आडवे झाले. डोळा लागला आणि तोंडातून फुस्स फुस्स सुरू झालं. धाकलू धोतर सावरत अंगणात आला. "पळा, पळा! मामंजी उडणार!" अर्धं गाव बादल्या घेऊन धावलं.

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, अशा वेळी गप्प राहावं. हळूच जवळ जाऊन पांघरूण घालावं."

"बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकलू एकटाच कुंडांवर गेला. थंडीची म्हणून सासूबाईंची नवी गोधडी अंगावर. चौथं कुंड फुसफुसलं. धाकलू चवड्यांवर जवळ गेला, गोधडी नीट पसरून घातली आणि तसाच चवड्यांवर मागं आला. गोधडी झाडाच्या शेंड्यावर जाऊन बसली.

आता सगुणेला तोंड कसं दाखवायचं? तिला द्यायला म्हणून त्यानं पिवळ्या कुंडाकाठचा एक दगड उचलला. रखवालदार धावत आला.

"ए शहाण्या! ठेव तो खाली! इथलं काही उचलून न्यायचं नाही. जे जिथं आहे ते तिथंच राहू द्यायचं. डोळे भरून बघायचं आणि हात हलवत घरी जायचं. कळलं?"

"कळलं."

गोधडीची बातमी घरी आधीच पोचली होती. सासरे लालेलाल झाले होते. पण सगुणाच पुढं झाली. "बाबा, भोळे असले तरी माझे आहेत. मला जायचंय." बापाचा राग कुठल्या कुठं गेला. सगुणा नवं लुगडं नेसून, गाठोडं घेऊन दारात उभी राहिली.

धाकलू आला. त्यानं तिला डोळे भरून बघितलं. ती लाजली आणि आईबापाच्या पाया पडायला आत वळली. परत येऊन बघते, तर दारात कोणी नाही.

इकडे धाकलूची आई भाकरतुकडा हातात घेऊन उंबऱ्यातच उभी होती. धाकलू दोन्ही हात हलवत आला.

"अरे, सून कुठाय?"

"आहे तिथंच आहे," धाकलू छाती फुगवून म्हणाला. "मी हातसुद्धा लावला नाही!"