भंगाराची साक्ष

एकदा एक वृद्ध वस्ताद आपल्या शिष्याच्या वर्कशॉपमध्ये खंडेनवमीच्या पूजेला आले आणि आरती होताच, प्रसादाला हात न लावता, मागच्या अंगणातल्या भंगाराच्या ढिगापाशी जाऊन बसले.

शिष्याचं नाव श्रीपती. पन्नाशीला टेकलेला गृहस्थ. साखर कारखान्याच्या गावाबाहेर त्याची शेड होती आणि तिच्यावर काही कुटुंबं पोसली जात होती. लोखंड कापायला तो या वस्तादांच्या हाताखालीच शिकला. त्या काळी यंत्र कसलं आणि काय! खडू लावलेला दोरा ताणायचा, टिचकी मारून प्लेटवर पांढरी रेघ उमटवायची आणि हातात गॅसची ज्योत धरून त्या रेघेवरून सरकत जायचं. वस्ताद पाठीशी उभे राहून म्हणत, "ज्योतीचा आवाज ऐक लेका. फरफरली की घाई झाली समज." जाड प्लेट अखेर दुभंगून खाली पडली की जमीन हादरायची आणि पोरं ओरडायची. ते दिवस आठवले की श्रीपती हातातलं काम सोडून ते रंगवून सांगत बसे. त्याची त्याला लाजही वाटत नसे.

आता मात्र दोन यंत्रांतून एक निवडायची वेळ आली होती. एक प्लाझ्माचं, कडकडत्या ज्वाळेनं जाड प्लेट फाडणारं, ठिणग्या उधळणारं. दुसरं लेसरचं. ते बंद पेटीत मुकाट्यानं काम करी आणि पातळ पत्रा असा कापी की कडेवरून खुशाल बोट फिरवावं. शेडमध्ये जागा एकाच यंत्रापुरती. निवड चुकली तर हातचं काम दुसरीकडे जाणार आणि माणसांना घरी बसवावं लागणार, हे श्रीपती जाणून होता. विक्रेत्याला शब्द द्यायचा होता दसऱ्याला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी.

खरं पाहता त्याचं मन केव्हाच ठरलं होतं. वस्तादांना त्यानं दोन्ही यंत्रं दाखवून आणली होती. प्लाझ्माची ज्वाळा पेटली तसे म्हाताऱ्याचे डोळे पाण्यानं भरले. लेसरपुढे मात्र त्यांनी चक्क जांभई दिली. श्रीपतीनं तोच कौल मानला. ज्यानं गुरूला गहिवर आला ते घ्यावं, त्यात चूक कसली?

आणि आता हेच गुरू धोतराचा सोगा खोचून भंगार उपसत होते. श्रीपती धावत गेला.

"वस्ताद, अहो आज हत्याराला हात लावत नाहीत!"

"हत्याराला न्हवं. भंगाराला लावायला कुणाची आडकाठी?"

पातळ तुकडे डावीकडे, जाड तुकडे उजवीकडे, असं त्यांचं चाललं होतं. कामगार तोंडावर हात धरून हसत होते. म्हाताऱ्याला चळ लागला असं एकानं हळूच म्हटलंसुद्धा. बघता बघता डावा ढीग कमरेएवढा झाला. उजवीकडे मूठभर तुकडे होते, तेही सगळ्यात तळातून निघालेले.

वस्तादांनी एक पातळ तुकडा उचलला. "हे कशाचं?"

"दूध संघाच्या ट्रेचं."

"आणि हे?"

"मोटरपंपाच्या स्टार्टरपेट्यांचं. हल्ली तेच काम जास्त."

मग त्यांनी एक जाड तुकडा श्रीपतीच्या तळहातावर ठेवला. गंजाची तांबडी भुकटी त्याच्या बोटांना लागली.

"ही प्लेट कधीची रं?"

श्रीपती घुटमळला. "साखर कारखान्याचं काम होतं तेव्हाची. ते जाऊनही वर्षं लोटली."

"मग भंगारवाल्याला का न्हाई दिलीस?"

"राहू दे म्हटलं. असावी आपली."

वस्ताद हात झटकून उठले. "यंत्र विकणारा यंत्राचे गुण सांगणार, त्यात खोटं काही न्हाई. जाड प्लेटंला प्लाझ्मासारखं दुसरं न्हाई, हे मीबी सांगतो. पण तू काय कापतोस ते त्याला काय ठावं? ते या ढिगाला ठावं. हा पातळ पत्रा त्या आगीत वाकंल, कडंला वितळल्या धातूची खडबडीत मळी धरंल. तुझी माणसं दिवसभर कडा घासत बसतील. संघातल्या बायांची बोटं एकदा कापली की परत तुझ्या दारात कोण येतंय?"

"पण वस्ताद, त्या दिवशी तुमचे डोळे भरले होते. मी स्वतः बघितलं."

"भरले की! माझी जवानी दिसली मला त्या जाळात. अरं, बायकोच्या आठवणीनंबी मी रडतो. म्हणून काय तिच्या नावानं तू लुगडं आणून शेडमध्ये टांगणार हाईस?" म्हातारा हसला आणि लगेच गंभीर झाला. "माझ्यावर माया कर, पण ती घरी बसून कर. इथं चार घरच्या चुली पेटायच्यात."

यंत्र आपण गुरूसाठी निवडत होतो असं श्रीपतीला वाटलं होतं, पण खरं तर ते स्वतःच्या गेलेल्या दिवसांसाठी होतं, हे त्याला आत्ता उमगलं. वाईट वाटलं आणि मोकळंही वाटलं.

दसऱ्याला त्यानं लेसरसाठी शब्द दिला. संध्याकाळी सोनं द्यायला तो वस्तादांच्या घरी गेला, आपट्याची पानं हातात ठेवून पाया पडला आणि निर्णय सांगितला. वाटलं होतं, म्हातारा मान हलवून गप्प राहील.

वस्तादांनी त्याला उठवलं. "यंत्र बसवशील तवा बोलाव मला," ते म्हणाले. "आणि घाई करू नको, मला सावकाश शिकव. माझा हात आता जरा कापतो."