सासऱ्यांचा मान

“धाकटी तोंड उघडत नाही तेच बरं आहे. आपला हणमंता कसा आहे हे तिच्या बापाच्या कानावर गेलं ना, तर पाडव्याला येईल आणि लेकीला घेऊन जाईल.”

होळीची संध्याकाळ होती. सासू चुलीपाशी थोरल्या सुनेला हे सांगत होती, आणि भिंतीपलीकडे धाकटी सून सुभद्रा पाट्यावर पुरण वाटत होती. लग्न माघातलं. आपला नवरा कसा आहे हे तिला हळद उतरायच्या आतच कळलं होतं. ती बोलली नव्हती, इतकंच.

तर हा हणमंता म्हणजे त्या गावातला एक भोळा गडी. अंगात बळ बैलाचं, मनात कपट मुंगीएवढंही नाही. सांगितलेलं ऐकायचं, एवढंच त्याला ठाऊक. पण ऐकायचं ते पुरतं.

चौकात होळी पेटली. आई म्हणाली, “हणमंता, घरातलं मोडकं लाकूड होळीत टाकून ये.”

हणमंता टाकून आला. आईनं उंडा भरला आणि पोळपाट शोधू लागली.

“त्याचा एक पाय मोडका होता,” हणमंता म्हणाला.

“अरे कर्मा. जळताना दिसला ना डोळ्यांना? मग घागरभर पाणी ओतायचं नाही का?”

“अस्सं होय. आता कळलं.”

सुभद्रेनं पदर तोंडाला लावला. त्या दिवशी पोळ्या पालथ्या परातीवर लाटल्या.

धुळवडीला पारावर सरपंच चिलीम ओढत बसले होते. नाकातोंडातून धूर येत होता. हणमंता धावत घरी गेला, घागर आणली आणि ओतली.

थोरल्या भावानं त्याला हाताला धरून घरी आणलं. “मानाच्या माणसाशी असं वागतात होय रे? त्याला वर बसवावं, आपण खाली राहावं.”

“अस्सं होय. आता कळलं.”

रंगपंचमीला नदीकाठी कुस्त्या होत्या. गावाची सगळी भिस्त हणमंतावर. समोर शेजारच्या गावचा मानाचा पैलवान उतरला. हलगी कडाडली. हणमंतानं वाकून नमस्कार केला, मातीत उताणा झोपला आणि पैलवानाला हात धरून छातीवर बसवून घेतलं. पैलवानच ओशाळला.

वस्ताद म्हणाले, “लेका, समोर माणूस आला की कमरेला मिठी मारायची आणि उचलायचा. किती का ओरडेना, सोडायचा नाही.”

“अस्सं होय. आता कळलं.”

परतताना सुभद्रा पुटपुटली, “पळस फुललाय. जवळून बघायला हवा.” दुसऱ्या दिवशी दारात पळसाची अख्खी फांदी, मुंगळ्यांसकट. जाऊ पोट धरून हसली. सुभद्रेनं मुंगळे झटकले आणि कुणी बघत नाहीसं पाहून एक फूल वेणीत खोवलं.

कुस्तीची गोष्ट मात्र तिच्या माहेरी पोचली. पाडव्याला तिचे वडील, आबा, येताहेत, असा निरोप आला. सासूच्या तोंडचं पाणी पळालं. दारात गुढी उभारून झाली तसं तिनं हणमंताला बाजूला घेतलं.

“आज सासऱ्यांचा मान गुढीसारखा राखायचा. गुढीत आणि त्यांच्यात काडीचा फरक करायचा नाही. कळलं?”

“कळलं.”

ती श्रीखंड घोटायला आत गेली.

आबा आले ते तावातच. “कुठाय तो शहाणा?” म्हणतात तोवर हणमंतानं त्यांच्या कमरेला मिठी मारली आणि उचललं. आबा ओरडले. हणमंतानं सोडलं नाही.

श्रीखंडाच्या गडबडीतून ओरडा ऐकून घरातली सगळी बाहेर येईपर्यंत सगळं उरकलं होतं. गुढीच्या शेजारी आबा पाटावर उभे होते, ओसरीच्या खांबाला पक्के बांधलेले. अंगाला सासूचं कोरं जरीचं पातळ, गळ्यात साखरेची गाठी, कानाशी कडुनिंबाचा डहाळा, डोक्यावर पालथा तांब्या. हणमंता चार पावलं मागे सरून, दोन्ही गुढ्या सारख्या दिसतात का ते बघत होता.

सासू मटकन खाली बसली.

तांब्याखालून आवाज आला, “सुभद्रे, बघितलंस हे ध्यान? बोचकं बांध. आत्ताच्या आत्ता चल माझ्याबरोबर.”

सगळे सुभद्रेकडे बघू लागले. हणमंताही. त्याचा चेहरा उतरला होता. काय चुकलं ते त्याला कळत नव्हतं.

सुभद्रा पुढे झाली. तांब्या जरा कलला होता, तो तिनं सरळ केला. आबांच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

“आबा, हलू नका. अजून नैवेद्य व्हायचाय.”