बसक्या गाडीचे आर्म

"उस्ताद, यातली कुठली जोडी घालू?"

विचारणाऱ्याने मनात आपलं उत्तर कधीच ठरवलं होतं. ते उस्तादांच्या तोंडून ऐकायचं, एवढंच राहिलं होतं.

विचारणारा सर्जेराव लोहार. कोल्हापुरात वेल्डिंगमध्ये त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि ही गोष्ट सगळ्यांत आधी त्यालाच ठाऊक होती. ज्यांना विचारलं ते दस्तगीर उस्ताद. सत्तरी ओलांडलेले, जुन्या गाड्यांच्या खाली पडून आयुष्य काढलेले.

उस्तादांच्या गॅरेजची एक रीत होती. गाडीच्या खालचं काम त्यांना विचारल्याशिवाय कोणी जोडायचं नाही. ज्या दिवशी ते म्हणतील 'आता मला विचारू नकोस', त्या दिवशी शिष्य मोकळा. मग त्याने खुशाल आपल्या नावाचं गॅरेज काढावं. सर्जेरावाने जागा बघून ठेवली होती. हे काम बघून उस्ताद ते वाक्य म्हणणार, याची त्याला खात्री होती.

काम होतंही तसंच. जयसिंगपूरच्या मीनाक्षीताई मगदूम यांची रोपवाटिका होती आणि वडिलांच्या वेळचा एक गोल बोनेटचा हिरवा पिकअप होता. तो त्यांना बसका करून हवा होता, अगदी रस्त्याला टेकल्यासारखा. आणि झाला की गुलाबाची रोपं भरून त्या स्वतः तो आंबा घाटाने रत्नागिरीला नेणार होत्या.

आता गाडी खाली बसवली की पुढचे जुने आर्म चालत नाहीत. आर्म म्हणजे चासीपासून, गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यापासून, चाकापर्यंत गेलेला दांडा. चाक उसळलं की तोही वर जातो. गाडी बसकी केली आणि आर्म जुनेच ठेवले, तर चाकं वरच्या अंगाने आत कलतात आणि टायर एका बाजूने खाल्ले जातात. म्हणून नवे आर्म हवेत. गॅरेजात त्यांच्या दोन जोड्या होत्या. एक ताईंनी बाहेरून मागवलेली, काळी, मधेच खाली पोट सुटल्यासारखी. ती गोणपाटावर पडली होती.

दुसरी सर्जेरावाने स्वतः केली होती आणि उस्तादांना दाखवण्यापुरती गाडीला लावूनही ठेवली होती. सडपातळ, सरळ नळी, आणि वेल्डिंग असं की बघत राहावं. तिच्यावर गाडी काळ्या जोडीपेक्षा दोन बोटं आणखी खाली बसत होती.

उस्ताद खाली वाकले. त्यांनी वेल्डिंगवरून अंगठा फिरवला. एकदा... पुन्हा एकदा.

"असं काम मला कधी जमलं नाही," ते म्हणाले.

ते खरंच होतं, आणि खरं होतं म्हणूनच ते बोलले. सर्जेरावाची छाती फुगली.

"स्प्रिंग काढ," उस्ताद म्हणाले.

सर्जेरावाला हे नवं नव्हतं. स्प्रिंग काढून, चाकाखाली जॅक लावून ते तळापासून माथ्यापर्यंत हलवून बघायचं, ही उस्तादांची जुनी पद्धत. या वेळी मात्र त्याने ते केलं नव्हतं. गाडी इतकी देखणी उभी होती, की ती हलवून बघावी असं त्याच्या मनातच आलं नव्हतं.

स्प्रिंग निघाली. जॅक लागला. आर्मला वर जायला जागा आहे का, असं उस्तादांनी विचारलं आणि सर्जेरावाने भरपूर आहे म्हणून सांगितलं.

उस्तादांनी आपला पंजा चासीच्या खाली, आर्मच्या बरोबर वर, सपाट धरला.

"मार जॅक."

सर्जेरावाने दांडा दाबला. चाक उचललं. आर्म वर सरकला. त्याने पुन्हा दाबला...

आणि थांबला.

"का रे?"

"हात काढा, उस्ताद."

"जागा हाय म्हणालास न्हवं?"

सर्जेरावाने पंजा आणि आर्ममधली उरलेली फट बघितली.

"हाय... उभ्या गाडीला हाय."

उस्तादांचा हात होता तिथंच होता.

सर्जेरावाच्या डोळ्यांपुढे आंबा घाट आला. भरलेला पिकअप, उतार, वळणावरचा खड्डा, आणि स्टिअरिंगवर मीनाक्षीताई. आर्म चासीवर आदळला की चाक कुठं पळेल, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. त्याने जॅक उतरवला आणि कोणी न सांगता स्वतःच्या आर्मचे बोल्ट सोडायला घेतले.

फार जड गेलं त्याला ते. महिनाभर जीव ओतलेली वस्तू होती. पण त्याने ती नीट पुसून बाजूला ठेवली आणि दुसऱ्याने केलेली, पोट सुटलेली काळी जोडी उचलली. मला विचाराल तर त्या दिवशीचं सगळ्यांत देखणं काम हेच.

काळे आर्म लागले. उस्ताद पुन्हा खाली वाकू लागले, तर सर्जेरावाने त्यांना अडवलं. त्याने स्वतःचा पंजा चासीखाली घातला.

"जॅक तुम्ही मारा."

उस्तादांनी दांडा धरला आणि दाबत राहिले. मान वळवून ते दाराबाहेर बघत होते. कोणी ओळखीचं गेलं, त्याला त्यांनी हात केला, आणि दुसऱ्या हाताने दाबत राहिले. चाक चढत गेलं. शेवटी आर्म जिथे थांबायला हवा तिथेच, चासीखालच्या रबरी ठोकळ्याला टेकला आणि दांडा पुढे जाईना. आर्मचं पोट खाली सुटलेलं, म्हणून सर्जेरावाच्या पंजाखाली अजून बोटभर जागा होती.

सर्जेरावाने हात बाहेर काढला.

"उस्ताद... तुम्ही एकदाही खाली बघितलं नाही."

"मी कशाला बघू?" उस्ताद म्हणाले. "हात तुझा होता. मला विचारून घातला न्हवतास."