हार्डडिस्क आजोबांची जागा

लॅपटॉप अजून स्क्रू काढून उघडता येत, त्या काळातली गोष्ट. एक म्हातारा लॅपटॉप दुरुस्तीच्या टेबलावर पडला होता. दुकान बंद होईपर्यंत तो सुरू झाला नाही, तर भंगाराच्या गोणीत जाणार होता.

"आजोबा, तुमच्यातलं सगळं मला द्या आणि जागा सोडा. मग हलकी सिस्टीम टाकू," आजोबांच्या जागी बसवायला आणलेली नवी, वेगवान डिस्क एसएसडी म्हणाली.

"हलकी? आपल्या घरात सगळ्यात मोठी सिस्टीमच चालते!" हार्डडिस्क आजोबा घरघरले.

"मला तिचं ओझं पेलत नाही हो," जुनी रॅम कळवळली.

शेवटी आजोबा कसेबसे तयार झाले. पण कॉपी साठ टक्क्यांवर अडकली. पंखा धापा टाकू लागला. दुरुस्तीवाल्या ताईंनी गोणी पुढे ओढली.

"आजोबा, खराब कुठे झालंय?" एसएसडीने विचारलं.

"कुठेच नाही! मी खणखणीत आहे."

"मग बसा मान सांभाळत! आपण सगळेच गोणीत जाऊ."

आजोबा हळूच म्हणाले, "कडेचा भाग वाचता येत नाही गं. मालकिणीच्या लेकीचे फोटो आहेत तिथे. तो भाग खराब होऊन दोन वर्षं झाली."

"तेव्हाच बोलला असतात, तर तेही वाचले असते," एसएसडी म्हणाली आणि तेवढा भाग सोडून उरलेलं भराभर उतरवून घेऊ लागली.