न उकरण्याचा वसा

ऐक अंकुराई, तुझी कहाणी. नगर आटपाटच होतं, तळं भरलेलं होतं, देवळाला कळस होता. पण त्या नगरात मालन नावाच्या एका आईला झोप लागत नव्हती. का? तर तिची लेक गोदी बोलत नव्हती. गोदीनं दोन दिवाळ्या पाहिल्या. चालायला लागली, पळायला लागली, चुलीतलं लाकूड ओढायला लागली. कान तिखट, लाडवाच्या डब्याचं झाकण वाजलं की अंगणातून धावत येई. पण तोंडातून शब्द नाही.

मालन शिकलेली होती. न शिकती तर एकच काळजी करती; शिकली होती म्हणून पोथ्या वाचून सतरा प्रकारच्या करी. एक पोथी म्हणे, वाट पाहा. दुसरी म्हणे, वाट पाहू नका. तिसरी म्हणे, आईचंच काहीतरी चुकलं असणार. मालनला तिसरी खरी वाटे.

रोज सकाळी ती गोदीला पुढ्यात घेई. म्हणे, "आई म्हण." गोदी बघे. "बाबा म्हण." गोदी बघे. "काऊ म्हण." गोदी कावळ्याकडे बघे, आणि कावळाच ओरडे.

पाणवठ्यावर बाया म्हणत, "मालन, तूच सगळं बोलतेस गं, पोरीला मध्ये जागा कुठं?" घरी सासूबाई पडवीत वाती वळत बसलेल्या असत. त्या म्हणत, "माझा लेकही उशिराच बोलला. आता थांबतो का?" मालन हसे. हसणं ओसरलं की पुन्हा काळजी.

भादवा सरला, पाऊस थांबला. दारी एक म्हातारी जोगवा मागत आली. मालननं सूपभर पीठ घातलं. म्हातारी म्हणाली, "बाई, डोळ्यांखाली काळं का?" मालन म्हणाली, "आजी, लेक बोलत नाही. रोज विचारून विचारून दमले." म्हातारीनं गोदीकडं पाहिलं. गोदीनं म्हातारीकडं पाहिलं. मग म्हातारी म्हणाली, "अंकुराईचा वसा घे."

"वसा घेतल्यानं काय होतं?"

"व्हायचं ते होतं. फुलं तर होतातच."

"तो कसा वसावा, आजी?"

म्हातारीनं पदराची गाठ सोडली. आत डेलियाचं बी होतं. काळं, चपटं, नखं काढून ठेवावीत तसं. म्हणाली, "पसरट कुंडी घ्यावी. तळाला भोक असावं, भोकावर खापरी ठेवावी. चाळलेली माती, कुजलेलं शेणखत, मूठभर वाळू कालवावी. बी वर पेरावं, नखाच्या उंचीएवढी माती भुरभुरावी. पाणी वरून ओतू नये. परातीत पाणी घ्यावं, कुंडी त्यात ठेवावी, माती खालून पिते. वर ओल दिसली की कुंडी उचलावी. उजेडात ठेवावी, उन्हात ठेवू नये. आणि उकरून बघू नये."

"एवढंच?"

"एवढंच. तू करून तर बघ." म्हातारीनं थोडं बी दिलं, थोडं गाठीला ठेवलं, आणि निघून गेली.

मालननं बी पेरलं. हात जोडले. एक दिवस गेला, तिला राहवेना. अंबाड्यातला आकडा काढला, माती उकरली. बी होतं तसं होतं. पुन्हा झाकलं. आणखी काही दिवसांनी उकरलं, बी फुगलं होतं. पुन्हा झाकलं. तिसऱ्यांदा उकरलं, तर पांढरं मूळ फुटलं होतं, आणि ते आकड्याच्या टोकाला लागून तुटलं. असं एकेक करून सगळं बी गेलं.

म्हातारी आली. "उगवलं?"

"नाही, आजी."

"उकरलंस?"

"उकरलं असं नाही. जरासं बघितलं."

"बघणारणीला काय म्हणावं!" म्हातारी म्हणाली आणि गाठीतलं आणखी बी दिलं.

मालननं दुसऱ्यांदा पेरलं. या खेपेला उकरलं नाही. पण रिकामे हात कुठं ठेवावेत? तिला वाटलं, देवीचा वसा आहे, कोरडा कसा वसायचा? मग सकाळी देवाचं तीर्थ कुंडीत घातलं. दुपारी अभिषेकाचं दूध घातलं. संध्याकाळी हळदकुंकू वाहिलं. बी उगवलं! हिरव्या पानांची जोडी जोडी वर आली. मालन नाचली. मग काय झालं? मातीला बुरा धरला. दुधाचा आंबूस वास सुटला. रोपं देठाशी काळी पडली आणि एकामागून एक आडवी झाली.

म्हातारी आली. कुंडीशी वाकली, वास घेतला. "दूध?"

मालननं मान खाली घातली.

"अगं, देवी दूध पिते, रोप नाही पीत. तुझी माया फार, आणि कुंडी लहान." उरलंसुरलं बी दिलं. म्हणाली, "एवढंच आहे हो. आता माझी गाठ रिकामी."

मग मालन घाबरली. नवी माती चाळली, नवी कुंडी घेतली, शेवटचं बी पेरलं. अंबाड्यातला आकडा सासूबाईंच्या हाती दिला. देवीपुढं उभी राहून म्हणाली, "उकरणार नाही, ओतणार नाही, घेतला वसा अर्ध्यावर सोडणार नाही." कुंडी पडवीत सासूबाईंच्या डोळ्यांसमोर ठेवली.

सकाळी मालन सहज म्हणून कुंडीपाशी गेली. बोट मातीकडं वळलं. सासूबाई वात वळता वळता म्हणाल्या, "मालन, हात काढ." मालननं हात काढला. दुपारी पुन्हा गेली. "मालन, हात काढ." संध्याकाळी सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या, म्हणून दबक्या पावलांनी गेली. मिटल्या डोळ्यांनी त्या म्हणाल्या, "मालन, हात काढ." गोदी शेजारी उकिडवी बसून सारं बघत होती.

सकाळचा वेळ आता कुंडीपाशी जाऊ लागला. "आई म्हण, बाबा म्हण" मागं पडलं. नवस करून नव्हे. तोंड आवळून धरायची सवय लागली, ती तिकडंही लागू झाली. मायलेकी कुंडीशी बसत आणि गप्प बघत.

बी उगवलं. रोपं धरली. खरी पानं आली तशी मालननं ती वेगळाल्या कुंड्यांत लावली. पानाला धरून उचलली, देठाला हात लावला नाही. पान गेलं तर दुसरं येतं, देठ मोडला तर रोप गेलं. हातभर झाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आता शेंडे खुड, म्हणजे फुटवे येतील." मालनला खुडवेना. म्हणाली, "एवढं वाढवलं ते खुडायला?" सासूबाईंनी तिला पाणी आणायला पाठवलं आणि तेवढ्यात चटाचटा खुडून टाकले. परत येऊन मालन रडली. मग एका शेंड्याच्या जागी दोन दोन आले.

माघात कळ्या धरल्या. मालननं देवीला लाल फूल कबूल केलं होतं. कळी फुटली, तर फूल पिवळसर, कडेला जांभळी झाक. मालन म्हणाली, "देवी रागावेल हो!" सासूबाई म्हणाल्या, "बियाचं रोप आईच्या रंगावर जात नाही. त्याचा रंग त्याचा. काप सकाळी, लांब देठ ठेवून, आणि लगेच पाण्यात घाल." मालननं भीत भीत पहिलं फूल कापलं. देवीला वाहिलं. देवी काही रागावली नाही. जितकी फुलं कापली, तितकी नवी आली. शेजारणी मागून नेऊ लागल्या. पाणवठ्यावर मालनचं नाव झालं.

म्हातारी आली. मालननं ओंजळभर फुलं दिली. म्हातारी गोदीला म्हणाली, "काय गं, ओळखलंस का मला?" मालनच्या जिभेवर आलं, "आजी म्हण, आजी म्हण." तिनं जीभ चावली. आकडा आठवला. गप्प राहिली. गोदी फुलांकडं बघत राहिली. म्हातारी म्हणाली, "पावला हो तुला वसा." मालनला वाटलं, काय पावलं? पोर तर अजून मुकी. म्हातारी जाताना सांगून गेली, "हे झाड एका हंगामाचं नाही, पण हळवं आहे. उन्हाळ्यात वरून सुकेल. उपटू नको. खाली कंद निजतो. पावसाचं पाणी लागू देऊ नको. त्याच्या वेळेला उठेल."

वैशाखात झाडं सुकली. मालननं वाळकी ताटं कापली, कुंड्या वळचणीच्या आत कोरड्यात ठेवल्या. पाऊस आला आणि गेला. आश्विनात कुंड्या उजेडात काढल्या, खालून पाणी दिलं. नुसती काळी माती. एक दिवस गेला, दुसरा गेला, बरेच गेले. मालनला पुन्हा झोप लागेना. कंद जिवंत आहे का कुजला? लेक कधी बोलेल का नाहीच? दोन्ही प्रश्न एकच होऊन बसले.

एका सकाळी सासूबाई देवळात गेल्या होत्या. पडवी रिकामी. मालननं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. फुलं आल्यावर सासूबाईंनी आकडा परत दिला होता; अंबाड्याला हात घातला, तो काढला. वसा आठवला, तरी वाकली. आकड्याचं टोक मातीला टेकलं, तोच मागून कोणी बोललं. आवाज बारीक, ठसका मात्र सासूबाईंचा. मालननं दचकून मागं पाहिलं. सासूबाई कुठं होत्या? उंबऱ्यात उकिडवी गोदी बसली होती. मालनच्या हातून आकडा गळाला. आणि त्याच आठवड्यात मातीतून लालसर कोंब वर आले.

अंकुराई जशी मालनला पावली, तशी उशिरा का होईना तुम्हां आम्हां पावो. साठ वेळा विचारून जे आलं नाही, ते गोदीच्या तीन बोलांत सुफळ झालं, संपूर्ण झालं. आई नाही, बाबा नाही, काऊ नाही. गोदी म्हणाली,

"मालन, हात काढ."