सोनखोऱ्याचे राखणदार

एका राज्यात समरकेतू नावाचा राजा होता. राज्य वाढलं, कोठारं भरली, तरी राजाला झोप नाही. का? तर म्हणे, शेजारच्या सोनखोऱ्याची काळजी! दुसऱ्याच्या घराची एवढी काळजी वाहणारा भेटला, तर शहाण्यानं आधी आपली कडी लावून घ्यावी.

एके दिवशी खिंडीतून दरोडेखोर आले आणि सोनखोऱ्याच्या राणीचा धाकटा भाऊ मारला गेला. दरोडेखोर कोण, हे दोघांनाच ठाऊक होतं, राजाला आणि सेनापती अरिंजयला. अरिंजयनंच आपल्या स्वारांना तोंडं बांधून धाडलं होतं. मग तोच सैन्य घेऊन राखणीला गेला.

राणी मृगावती म्हणाली, "या. पण आमच्याकडे राखणदार सगळ्यांच्या मागून जेवतो. घरातलं शेवटचं पोर जेवलं, की त्याचं पान. एवढं पाळा."

अरिंजयनं मान डोलावली. पाळतोय कोण! पहिली पंगत सैन्याची, उरलंसुरलं गावाचं. खिंडीत बुरूज उठले, सोनखोऱ्याच्या देवीचा रत्नघटही देवळातून, सांभाळायला म्हणून, छावणीत आला.

घट आला त्या सकाळी देवीचा शाप लागला आणि सैनिकांचे पाय दगडाचे झाले. दुपारपर्यंत गुडघे गेले. एकटा अरिंजय तेवढा चालत होता. शाप उतरवायला कुणीतरी धडधाकट लागतोच ना!

बुरुजावर साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "दगड छातीपर्यंत चढला, की सैन्य गेलं. घट जागी ठेव. बुरूज पाड. तिसरं काम राणी सांगेल."

अरिंजय रत्नघट डोक्यावर घेऊन गावातून देवळाकडे निघाला. लोक बाजूला झाले. कुणी शिवीसुद्धा दिली नाही, तेच त्याला लागलं. घट जागी ठेवून मग त्यानं बुरुजांना तलवार टेकवली, तसे ते पिठासारखे ढासळले.

राणी अंगणात पोरांना वाढत होती. हातातली पळी न ठेवताच तिनं विचारलं, "आमची राखण कुणापासून करायला आला होतास?"

'दरोडेखोरांपासून,' हे उत्तर पाठ होतं. शरमेनं त्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. छावणीतून सैनिकांचा आक्रोश ऐकू येत होता.

"माझ्यापासूनच, राणीसाहेब. ते दरोडेखोर माझे स्वार होते."

राणीनं हातातली पळी खाली ठेवली. मग म्हणाली, "माझा भाऊ पाण्याचा तांब्या घेऊन पुढे गेला होता. म्हणाला, लांबून आलेत, तहानलेले दिसतात."

तिकडे सैनिकांचे पाय मोकळे झाले. ते आनंदानं नाचू लागले. अरिंजयला त्यांच्याकडे बघवेना.

सैन्य माघारी गेलं. अरिंजयनं भरदरबारी तेच पुन्हा सांगितलं, तेव्हा समरकेतूनं मान खाली घातली आणि सोनखोऱ्याचं नाव घेणं सोडलं. खिंड पुन्हा वाटसरूंची झाली. अरिंजय मात्र त्या दिवसापासून कुणी पाणी पुढे केलं, की दोन्ही हातांनी तोंड झाकून घेई.