सात झरोके, दोन शिंगे

एका राज्यात दोन बुरूज होते. एक मावळतीला, एक उगवतीला. मधे खोल दरी, तिच्यावर एक पूल. प्रत्येक बुरुजाला सात झरोके आणि झरोक्याझरोक्यातून वाऱ्याची एकेक वाट. मावळतीच्या पहिल्या झरोक्यात फुंकलेले शिंग उगवतीच्या पहिल्याच झरोक्यात ऐकू जाई, दुसऱ्या कुठल्याही नाही. या वाटा राजहंसांच्या. हंस नसेल तेव्हा माणसाने वाट वापरावी, हंस आला की मुकाट्याने सोडावी, असा रिवाज होता.

राजा सिंहकेतूने रिवाज मोडला. विजयाची बातमी धाडायची घाई झाली, तेव्हा सातव्या वाटेवर हंस असतानाच त्याने शिंग फुंकवले. हंस दरीत कोसळला, त्याचा पंख मोडला. तत्क्षणी वाऱ्याचा रखवालदार मांत्रिक वातसिद्ध दरबारात उभा राहिला.

“राजा, ज्याची वाट, त्यालाच तू पाडलेस! आता दरीत धुके भरेल, ते कोणाला ओलांडता येणार नाही. तू पायापासून दगड होत जाशील. तीन दिवसांत दोन्ही बुरुजांची शिंगे एका वेळी एकाच झरोक्यात वाजली, तर शाप सुटेल. एका घटकेला एकच झरोका. नाही जमले, तर तू दगड आणि धुके कायमचे.”

वाऱ्याच्या वाटांवर एकाच घराण्याचे शिंग चाले आणि त्या घराण्यात उरल्या होत्या दोन बहिणी. थोरली कुमुदा मावळतीच्या बुरुजावर, धाकटी रेवती उगवतीच्या. कुमुदेला राजाची काळजी होतीच. पण धुके राहिले तर रेवती जन्मात दिसणार नाही, हे तिच्या मनात जास्त टोचत होते.

पहिल्या दिवशी कुमुदा पहिल्या झरोक्यापासून निघाली आणि ओळीने पुढे गेली. कुमुदेच्या शिंगाने वाट हळदी होई, रेवतीच्या शिंगाने निळी, आणि तो रंग दिवसभर हळूहळू विरत जाई. प्रत्येक झरोक्यात कुमुदेला ताजी निळाई दिसली. रेवती नुकतीच पुढे गेलेली! दोघी एकाच चालीने चालत होत्या. दिवस मावळला, अंतर तेवढेच राहिले.

राजाचे गुडघे दगड झाले.

“महाराज, सिंहासनावर बसायला गुडघे लागत नाहीत,” प्रधान धीर देत म्हणाला.

“प्रधानजी, परवा जीभही दगड होईल. काय बोलायचे ते आताच बोलून घ्या.”

दुसऱ्या दिवशी कुमुदेने ठरवले, आपण थांबावे, रेवती येईल. ती चौथ्या झरोक्यात बसून दिवसभर शिंग फुंकत राहिली. निळाई आलीच नाही. पलीकडे रेवतीही ताईची वाट पाहत भलत्याच झरोक्यात बसली होती. राजाच्या छातीपर्यंत दगड चढला.

तिसऱ्या दिवशी उजाडताच कुमुदेचा हात गळ्यातल्या मण्यांकडे गेला. त्यांच्या घराण्यात बारशाला आत्या बाळाच्या गळ्यात मणी बांधी. थोरलीला दोन, धाकटीला तीन. अंगणात सात धोंडे गोल मांडलेले असत. मणी जितके, तितके धोंडे पुढे उडी. कोणी कुठूनही निघो, सात उड्यांत दोघी एका धोंड्यावर येत आणि कपाळावर कपाळ आपटे. हा खेळ कशासाठी, हे घरात कोणालाच आठवत नव्हते. आज कुमुदेला कळले.

‘पण रेवतीला आठवेल का?’

घटिकापात्र भरले. ती पहिल्या झरोक्यात फुंकून तिसऱ्यात गेली, मग पाचव्यात. तिथे दोन घटकांपूर्वीची निळाई होती. सातव्यात वाटेवर तोच हंस बसला होता, वातसिद्धाने पंख बांधलेला.

“वाट माझी,” हंस म्हणाला.

“आपलीच, हंसराज.” तिने शिंग खाली केले.

दुसरा झरोका कोरा. चौथ्यात तीन घटकांची निळाई, सहाव्यात एका घटकेची. कुमुदेने जमिनीवर खडे मांडले. पहिल्या घटकेला पाचवा, तिसऱ्या घटकेला चौथा, सहाव्या घटकेला सहावा. तीन-तीनच्या उड्या!

“खेळतेय! माझी रेवती खेळतेय!” ती एकटीच हसली. मग तिने खडे पुन्हा मोजले. भेटीचा झरोका सातवा होता, हंसाचा. पलीकडे रेवतीनेही शिंग खाली केले असणार.

दुसऱ्या फेरीतही हंस तिथेच. प्रधान धापा टाकत वर आला.

“पोरी, फुंक! दगड गळ्याशी आलाय!”

“असे फुंकल्यानेच तर तो चढला, प्रधानजी.”

“मग दुसऱ्या कुठल्याही झरोक्यात थांब!”

“मी खेळ मोडला तर रेवतीला मी कुठे सापडू?”

सूर्य कलला. तिसऱ्या फेरीत कुमुदा सातव्या झरोक्याशी आली. हंसाने मान वळवली.

“तुझा राजा एकदाही थांबला नाही. तू दोनदा थांबलीस, पलीकडची पोरही थांबली. का?”

“वाट तुमची. आम्ही पाहुण्या.”

“मग घटकाभर पाहुणचार घ्या.” हंसाने पंख झटकला. बांधलेली पट्टी गळून पडली आणि तो उंच उडाला.

कुमुदेने सारा जीव ओतून शिंग फुंकले. पलीकडून त्याच क्षणी दुसरे शिंग वाजले! हळदी आणि निळा मिळून वाट हिरवीगार झाली, कोवळ्या भातासारखी. धुके फाटले. राजाच्या अंगावरचा दगड खळाखळा गळाला आणि तो उठून सर्वांत आधी सातव्या झरोक्याकडे धावला. परतून आलेल्या हंसापुढे त्याने मुकुट उतरवला.

“रिवाज पाळशील?” वातसिद्धाचा आवाज आला.

“आधी मी पाळीन, मग प्रजेला सांगेन.”

दरीवरच्या पुलावर दोघी बहिणी दोन्हीकडून धावत आल्या. इतक्या वेगाने, की कपाळावर कपाळ आपटले.

“ताई, दुसऱ्या दिवशी कुठे होतीस गं?”

“तुझी वाट बघत बसले होते.”

“आणि मी तुझी!”

त्या राज्यात आजही बारशाला मणी बांधतात आणि कशासाठी ते पोरींना सांगतात. त्या दोघी बहिणींना जशी भेटीची वाट सापडली, तशी चुकलेल्या साऱ्यांना सापडो.